कोण कुणाच्या हाकेला उठतं

एकतीस वर्षं मी सातारा बसस्थानकावर अनाउन्सर होते. "फलटणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे" एवढं मी म्हटलं की दोन-तीनशे माणसं बोचकी उचलून पळायची. पोरंबाळं, पिशव्या, टोपलीतल्या कोंबड्या, सगळं घेऊन. मी काचेच्या खोलीतून बघत असायचे. आपल्या आवाजावर एवढी माणसं उठतात याची एक नशा असते, ती ज्याला लागली त्यालाच कळते.

म्हणून निवृत्तीनंतर सप्तधारा सोसायटीची सेक्रेटरी झाले, तेव्हा आपत्कालीन नियोजनाला मी कुणाला हात लावू दिला नाही. आमची इमारत सहा मजल्यांची, माणसं एकशे एकतीस, आणि दीड किलोमीटरवर एमआयडीसी. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला उचलायला कोण जाणार, सगळं मला तोंडपाठ. वर्षाला आठ-नऊ सराव घ्यायचे, तेही न सांगता. लोक अंघोळ अर्धी टाकून यायचे आणि कुरकुरायचे. खरं वाटावं म्हणून एकदा मी "हा सराव नाही, खरंच गॅस आलाय" असंही सांगितलं. सहाव्या मजल्यावर येऊन खरं काय ते कळल्यावर दोघी जणी माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मी म्हटलं, नका बोलू. माझं काय अडलंय?

आणि एवढं करून त्या यंत्रानं माझ्या पदरात काय टाकलं? दोन माणसं. एकशे एकतीसांतली दोन!

थांबा, नीट सांगते. डोक्यात राख घालून सांगितलं तर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

दोन हजार अडतीसच्या जानेवारीत नवा नियम आला. कारखान्यांच्या दोन किलोमीटर परिसरातल्या प्रत्येक सोसायटीला 'साद' ही इशारा-यंत्रणा बसवणं सक्तीचं झालं. ते बसवायला पुण्याहून पृथा देशिंगकर नावाची इंजिनिअर मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. सहाव्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून तिनं आधी मलाच विचारलं, "काकू, भोंगा वाजला की तुम्ही काय करता?"

"उठते आणि निघते," मी म्हटलं.

"तुम्ही निघता. बाकीचे आधी खिडकीतून डोकावतात, मग शेजाऱ्याला विचारतात, मग मोबाइलचा चार्जर शोधतात."

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

ती पुढं जे बोलली ते मात्र मी नीट ऐकलं, आवाज हा माझा धंदा होता म्हणून. ती म्हणाली, भोंग्याला माणूस लवकर विटतो. दहा वेळा वाजला आणि काही झालं नाही की अकराव्या वेळी मेंदू त्याला मोजतच नाही. पण ओळखीच्या माणसाच्या आवाजाचं तसं नसतं. शब्द समजायच्या आधीच मेंदूनं तो आवाज ओळखलेला असतो. आईनं हाक मारली की ती काय म्हणाली हे कळायच्या आत पोर वळलेलं असतं. म्हणून सादमध्ये भोंगा नव्हता. प्रत्येकानं कपड्याला लावायचं एक बटण होतं, शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं. ते दाबून इमारतीतल्या कुणालाही हाक मारता यायची. आणि हाक कानावर पडल्यापासून माणूस जागचा हलेपर्यंत किती सेकंद गेले, हे ते बटण मोजायचं.

"बोलणं ऐकत नाही ना ते?" आमचे चेअरमन जगदाळे यांनी विचारलं. त्यांचं बोलणं कुणी ऐकावं असं त्यात काय असतं, देव जाणे.

"बोलणं साठवायला कायद्यानं बंदी आहे, काका. कुणी हाक मारली आणि कोण किती सेकंदांत उठलं, एवढंच राहतं. तीन महिने हे मोजायचं. मग तुम्ही ज्याच्या हाकेला सगळ्यांत लवकर उठता, त्याच्या आवाजाचा साचा यंत्र तयार करतं. संकट आलं की प्रत्येकाला त्याच्या त्याच्या माणसाच्या आवाजात सूचना मिळते, अगदी नाव घेऊन."

मला कल्पना आवडली. खोटं कशाला बोलू? मी मनात धरूनच चालले होते की शंभरेक लोकांना तरी माझाच आवाज ऐकू येणार. एकच अट मी पृथाला घालायला लावली. एकदा इशारा सुरू झाला की कुणाचाही आवाज कुणाला बदलता येता कामा नये, म्हणजे ऐन वेळी कुणी पोरखेळ करणार नाही. "काकू, चांगलं सुचवलंत," ती म्हणाली आणि तशी सोय केली.

मे महिन्यात यादी तयार झाली. सेक्रेटरी म्हणून ती फक्त मला दिसणार होती. मी चष्मा पुसून टॅबलेट घेऊन बसले.

रजनी कुंभोजकर. रजनी कुंभोजकर. रजनी कुंभोजकर. खाली सरकवत गेले, सरकवत गेले. एकशे एकतीसांपैकी चौसष्ट माणसांपुढं तेच नाव!

ही रजनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची. सत्तावन्न-अठ्ठावन्नची, नवरा दहा वर्षांपूर्वी वारलेला, मुलगी बेळगावला. गेली चार वर्षं आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता, आणि व्हॉल्व्ह हिच्या खिडकीखाली. पाणी सुटलं की ही बाई घरोघरी सांगायची, बटण आल्यापासून बटणावरून, "पाणी आलं. तासभर आहे." संपलं. इतकंच. ना नमस्कार, ना सूचना, ना विनंती. आवाज तर असा की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागावा. तिच्या त्या दोन वाक्यांवर अख्खी इमारत हंडे घेऊन उठायची, आणि मी दिवसातून तीनदा कचरा, पार्किंग, गच्चीची किल्ली यावर खणखणीत आवाजात सांगायचे ते सगळं वाऱ्यावर.

माझ्या वाट्याला आलेली दोन माणसं कोण, ते तर ऐका. एक पिसाळ आजी, ज्यांना दिसत नाही आणि ज्या अजून मला "एसटीच्या बाई" म्हणतात. आणि दुसरी स्वतः रजनी कुंभोजकर! म्हणजे साऱ्या इमारतीत माझं ऐकणारी एकच धडधाकट बाई, आणि तीही हीच.

हेही मी गिळलं असतं. पण मग मला आमच्या ह्यांचं नाव दिसलं.

'मानसिंग भोईटे. आवाज: रजनी कुंभोजकर. नऊ सेकंद.'

आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'हेमलता भोईटे. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझं नाव शोधलं. 'हेमलता भोईटे. आवाज: मानसिंग भोईटे. सहा सेकंद.' म्हणजे ह्यांनी हूं म्हटलं की मी सहा सेकंदांत उभी, आणि मी घसा फोडला तरी हे बारा मिनिटं हलणार नाहीत. पण त्या बाईनं हळूच हाक मारली की नऊ सेकंदांत पायात चपला!

अडतीस वर्षांचा संसार आहे हो आमचा. हे पाटबंधारे खात्यात होते. आता निवृत्तीनंतर पार्किंगच्या मागच्या खोलीत बसून वेताच्या खुर्च्या विणतात. मी वरून हाक मारली की ठरलेलं उत्तर येतं, "आलो गं." ते 'आलो गं' अडतीस वर्षांत एकदाही लगेच आलेलं नाही. जेवण निवतं, पाहुणे निघून जातात, हे आपले 'आलो गं'. मी समजत होते की माणसाचा स्वभावच तसा, काय करणार. आता कळलं की स्वभाव फक्त माझ्यापुरता होता.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "त्या रजनीचं एवढं काय ऐकता हो तुम्ही?"

"कोण रजनी?"

"कोण रजनी म्हणे! तिसऱ्या मजल्यावरची."

"कुंभोजकर वहिनी? त्यांचं काय?" ह्यांनी भाकरी मोडत माझ्याकडं इतक्या निरागसपणे बघितलं की मला जास्तच संशय आला. यादी गुप्त होती, सांगताही येईना. "काही नाही," मी म्हटलं आणि आमटीचं पातेलं आपटलं.

मग मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगते. रजनीला दर आठवड्याला कढीपत्ता द्यायचे, तो बंद केला. ती जिन्यात दिसली की मी लिफ्टनं जायचे. हे खाली जायला निघाले की किती वाजता निघाले आणि ती तेव्हा कुठं होती याचा हिशेब मनात ठेवायचे. एकदा ती पार्किंगमध्ये ह्यांच्याशी बोलताना दिसली, तर मी चौथ्या मजल्यावरून ओरडले, "अहो, गोळी घेतली का?" दोघांनी एकदम वर बघितलं. ती हसली आणि निघून गेली. हसली! आत्ता आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. चौसष्ट वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण मत्सराला वय विचारायला कुणी गेलंय का?

जूनमधल्या एका दुपारी मी टॅबलेट उघडला. सेक्रेटरीला एखाद्याचा आवाज बदलायची मुभा होती, म्हणजे निवडलेलं माणूस वारलं किंवा सोडून गेलं तर. कारण लिहावं लागे. ह्यांच्या नावापुढचं 'रजनी कुंभोजकर' मी पुसलं आणि 'हेमलता भोईटे' घातलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'तांत्रिक'. यंत्रानं विचारलं, 'या आवाजाला सदर व्यक्ती उशिरा प्रतिसाद देते. तरीही बदलायचं?' मी 'हो' दाबलं. इतकं जोरात दाबलं की बोट दुखलं. माझ्या नवऱ्याला संकटात हाक मारायची तर ती मीच मारणार. तिचा काय संबंध?

त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. ह्यांच्यासाठी शेवयांची खीर केली.

सप्टेंबरातली गोष्ट. शुक्रवार होता, सकाळचे साडेअकरा. मी मटकी निवडत बसले होते. एकदम माझ्या खांद्यावरच्या बटणातून ह्यांचा आवाज आला.

"हेमा, ऊठ. क्लोरीन गळतोय. खिडक्या लाव, टॉवेल ओला करून तोंडाला धर, आणि सहाव्या मजल्यावर जा. खाली जाऊ नकोस."

मी उठले. मटकी सांडली, तिकडं बघितलंही नाही. क्लोरीनचं मला माहीत होतं, पृथानं शिकवलेलं. हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड असतो. धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागेत साठतो. तळमजला, पार्किंग, पंपाची खोली. माणसं घाबरून खाली पळतात आणि त्यातच सापडतात, म्हणून आमच्या आराखड्यात एकच नियम लाल अक्षरात होता, वर जा. गळती पलीकडच्या ब्लीचिंग पावडरच्या एका कारखान्यात झाली होती आणि वारा आमच्याकडं होता. आमच्या कंपाउंडवरच्या संवेदकांनी ते आधी पकडलं होतं.

जिन्यात माणसंच माणसं. पण आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. प्रत्येकाच्या खांद्यावर त्याचं त्याचं माणूस हळू आवाजात बोलत होतं. माझ्या खांद्यावर हे बोलत होते. "शाब्बास. सावकाश चढ. कठडा धर." त्या आवाजानं मला इतका धीर आला की हे माझ्याबरोबरच चढताहेत असं वाटत राहिलं. खरंच सांगते, हॉलमध्ये पोचून दारं लावून यादीवर खुणा करायला घेतल्या, तेव्हा 'मानसिंग भोईटे' या नावापुढंही मी खूण करणार होते. पेन टेकवलं आणि हात थांबला.

हे कुठं होते? मला आवाज येत होता तो यंत्राचा होता.

मी टॅबलेटवर इमारतीचा नकाशा उघडला, प्रत्येक बटणाचा एक ठिपका. एकशे सव्वीस ठिपके सहाव्या मजल्यावर, दोघं गावाला, दोन जिन्यात. आणि एक पार्किंगच्या मागच्या खोलीत. जागचा हलत नव्हता. पार्किंगचा रंग पिवळा झाला होता. केशरी झाला की जिन्यापर्यंतची वाट बंद. अग्निशमनची गाडी यायला वीस मिनिटं होती.

मी बटण दाबलं. "अहो! कुठं आहात?"

"अगं खाली. तुझं ते मघापासून बटणातून चाललंय की. आलो गं, ही एक ओळ होऊ दे, वेत वाळला तर मोडेल."

"अहो, सराव नाही हा! खरा गॅस आहे!"

"मागच्या वेळी पण खराच होता," हे म्हणाले आणि चक्क हसले. "आलो."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. खोलीचं दार घट्ट लागतं, मीच थंडीसाठी त्याला रबर बसवून घेतलं होतं. आत वास पोचला नव्हता. वास येईल तेव्हा बाहेर निघायला वाट राहणार नव्हती. मी ओरडले, शपथ घातली, रडले. पलीकडून "हो हो" आलं. माझं रडणंही ह्यांना नाटक वाटलं, कारण सरावात मी रडूनही दाखवलं होतं. आवाज बदलायला गेले तर टॅबलेटवर उत्तर आलं, 'इशारा चालू असताना बदल करता येणार नाही.'

टॅबलेट काखेत मारून मी हॉलचं दार उघडलं आणि खाली धावले. जगदाळे मागून "भोईटे बाई, नियम!" असं ओरडत होते. नियम मीच लिहिला होता, मला काय सांगतात?

चौथ्या मजल्याच्या वळणावर रजनी भेटली. पहिल्या मजल्यावरच्या एका लंगड्या आजोबांना हाताला धरून ती वर आणत होती. तिच्या खांद्यावरचं बटण बोलत होतं, आणि तो आवाज माझा होता. "रजनी, थांबू नका, वर चला."

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्हीच मला वर चला म्हणताय आणि तुम्ही कुठं निघालात खाली?"

"हे खाली आहेत. माझं ऐकत नाहीत. रजनी, तुम्ही हाक मारा त्यांना. तुमच्या हाकेला ते नऊ सेकंदांत उठतात." हे शेवटचं वाक्य म्हणताना मला जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं.

"माझ्या?" ती बघतच राहिली. "मी त्यांना बटणावरून सगळं मिळून तीनदा हाक मारली असेल. पाण्याचं तर तुमच्या घरी मी तुम्हालाच सांगते."

"मारा हो! नंतर बोला!"

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग आजोबांचा हात माझ्या हातात दिला आणि बटण दाबलं. नेहमीच्याच त्या हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, ताई पडल्यात. जिन्यात, चौथ्या मजल्यावर. लगेच या."

आणि बटण सोडलं.

टॅबलेटवरचा ठिपका हलला. मी सेकंद मोजलेसुद्धा नाहीत, पण नऊ नसतील, पाचच असतील. खोलीतून बाहेर, पार्किंगमधून आडवा, जिन्याकडं. सहासष्ट वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस.

"मी कुठं पडलेय?" मी तिच्यावर खेकसले. "खोटं का सांगितलंत?"

"तीनही वेळा हेच सांगितलं होतं, ताई." ती खाली जिन्याकडं बघत होती. "फेब्रुवारीत तुमची नवी गोळी सुरू झाली आणि साखर उतरायला लागली, आठवतंय? एकदा माझ्या दारात कोसळलात, एकदा लिफ्टपाशी, एकदा गच्चीवर. तुम्हाला शुद्ध नव्हती. मी भाऊंना एवढंच सांगायची, ताई पडल्यात. ते कसे धावत यायचे ते तुम्ही बघितलं नाहीत. एकदा तर अनवाणी आले होते."

मी डोळे उघडायचे तेव्हा हे समोर असायचे, तेवढं मला आठवत होतं. त्यांना कुणी बोलावलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. यंत्रानंही विचारलं नव्हतं. त्याला बोलणं साठवायची बंदी. त्याच्यापाशी फक्त तिचं नाव आणि सेकंद.

आणि खरं सांगते, हे सगळं समोर कळत असताना, माझा नवरा त्या वायूतून धावत येत असताना, मला त्या बाईचा हेवा वाटला. कमी नाही, आधीपेक्षा जास्त. ह्यांना माझ्यासाठी धावताना तिनं तीनदा बघितलं होतं. मी एकदाही नाही.

मग खालून पावलं ऐकू आली. आणि खोकला. असला खोकला मी कधी ऐकला नव्हता. घाईत ह्यांनी तोंडाला काही लावलं नव्हतं, तोंड उघडं टाकून पळत आले होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दिसले, डोळे लाल, हातात अजून वेताची पट्टी. मला उभी बघितली आणि आहेत तिथंच पायरीवर बसले. माझ्याकडं बोट दाखवून काही बोलायला गेले, पण शब्द फुटला नाही. आजोबांना कठडा धरून पुढं चढायला लावलं, आणि रजनीनं आणि मी दोन्ही बगलांतून धरून ह्यांना वर नेलं. सबंध वाट माझ्या खांद्यावर त्यांचा आवाज चालूच होता, "शाब्बास हेमा, सावकाश चढ." मी ते बटण उपटून जिन्यात फेकून दिलं.

इमारतीत बाकी कुणाला ओरखडा उमटला नाही. ह्यांना नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसांना सूज, घसा भाजलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-पाच मिनिटं खाली राहते तर गोष्ट वेगळी होती. आणि तोंडाला नुसता ओला रुमाल असता तरी एवढंही झालं नसतं. दोन्ही वाक्यं मी ऐकून घेतली.

तिसऱ्या दिवशी पृथा पुण्याहून आली. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली, मांडीवर तिचा लॅपटॉप.

"काकू, काकांचा आवाज बदललेला दिसतोय. कारण 'तांत्रिक' लिहिलंय."

"मी बदलला," मी म्हटलं. "तांत्रिक काही नव्हतं. मला जळफळाट झाला होता."

पोरीनं त्या नोंदीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बदलला नसता तर त्यांना पहिल्याच मिनिटाला कुंभोजकर काकूंच्या आवाजात सूचना गेली असती, रुमाल धरायच्या सूचनेसकट. ते वेळेत वर आले असते." तिनं लॅपटॉप मिटला. "आमचंही चुकलंच. आम्ही आवाज मोजला, निरोप नाही."

मी त्याच बाकावर राजीनामा लिहून तिच्याकडं दिला, जगदाळ्यांना द्यायला. सोसायटीत सगळ्यांसमोर मी स्वतः सांगेन, तेही कबूल केलं. मग आत गेले.

हे उठून बसले होते. नाकात नळी, घशातून फक्त हवा निघायची. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, म्हणून फोनवर लिहून दाखवायचे. मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि सगळं सांगितलं. यादी, नऊ सेकंद, अकरा मिनिटं चाळीस सेकंद, कढीपत्ता, तांत्रिक. काही लपवलं नाही. हे ऐकत राहिले. मध्येच हसायला गेले आणि खोकले, तर मी रागावले.

"हसण्यावारी नेऊ नका. मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. ती म्हणाली मी पडले, तर पाच सेकंदांत उठलात. मी स्वतः रडून हाका मारत होते, तर वेत वाळेल म्हणे! अडतीस वर्षं मी हाका मारतेय. तिच्या आवाजात असं काय आहे?"

ह्यांनी फोन घेतला. एका बोटानं लिहायला त्यांना फार वेळ लागतो. मी वाट बघत बसले. मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

'वहिनींचा आवाज आला की पोटात गोळा येतो. वाटतं, तुला काहीतरी झालं.'

"आणि माझा?"

पुन्हा लिहिलं.

'तुझा आला की बरं वाटतं. ओरडते आहे म्हणजे ठणठणीत आहे.'

माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी काही अशी तशी सोडणारी नाही. "मग बरं वाटतं तर उठत का नाही हो तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखंच विचारलं. फोनवर तीन शब्द लिहिले आणि तो माझ्या हातात देऊन उशीवर डोकं टेकलं.

'बरं वाटतं म्हणूनच.'